व्यवसायाची निवड : मुलाची, घराची की आपल्या सर्वांची?

दरवर्षी जूनच्या अखेरीस, नववीच्या वर्गाची घडी बसली की, मी मुलांना एक छोटेसे काम देतो. वहीचे पाव पान फाडून त्यावर दोनच वाक्ये लिहायची : मला पुढे काय व्हायचे आहे आणि का. नाव लिहिण्याची सक्ती नसते. या चिठ्ठ्या मी एका पत्र्याच्या पेटीत वर्षवार बांधून ठेवत आलो आहे. या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी ती पेटी उघडली आणि दोन रात्री चिठ्ठ्या वाचत बसलो.

वाचता वाचता जे लक्षात आले, ते आजवर माझ्या ध्यानात कसे आले नाही, याचे मलाच आश्चर्य वाटले. ज्या वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला आपला एक माजी विद्यार्थी फौजदाराच्या गणवेशात आला होता, त्या वर्षीच्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर 'फौजदार' असे लिहिलेले आहे. ज्या वर्षी वसतिगृहात काविळीची साथ आली आणि आरोग्य केंद्रातील परिचारिका आठवडाभर येऊन मुलांची देखभाल करीत होत्या, त्या वर्षी मुलींच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर 'नर्स' आहे. आणि ज्या वर्षी शाळेत बाहेरचे कोणी आलेच नाही, त्या वर्षी मुलांना शिक्षक व्हायचे होते. साहजिकच आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर आम्हीच तेवढे होतो.

दहावीनंतरच्या शाखेविषयी, अभ्यासक्रमाविषयी आणि नोकरीविषयी बोलताना आपण 'मुलाची आवड' आणि 'मुलाचे गुण' हे दोनच शब्द वापरतो. २०१६ पासून काही वर्षे शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणीही घेतली. तिचा हेतू चांगला होता. परंतु ज्या मुलाने प्रयोगशाळा, न्यायालय, छापखाना किंवा बँकेच्या काउंटरमागची खोली कधी पाहिली नाही, त्याचा कल कशाकडे आहे हे कोणत्या प्रश्नावलीने कळणार? आवड उपजत असते हा समज मला आता अपुरा वाटतो. मूल जे जवळून पाहते, ज्यात आपल्यासारखा माणूस पाहते, त्यातूनच ते निवडते. म्हणून मुलाच्या निवडीचा प्रश्न हा त्याला आपण काय दाखवले, याचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे. तेच मत या लेखात मांडायचे आहे. आणि ते मांडताना माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे.

प्रथम स्वतःपासून सुरुवात करतो. माझे थोरले चुलते साठच्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली हे महाविद्यालय सुरू केले नसते, तर निजामाच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यातील आमच्यासारख्या घरातला मुलगा पदवीधर होण्याची शक्यता फार थोडी होती. चुलते शिक्षक झाले. त्यांची सायकल, त्यांच्या खिशाला लावलेले पेन आणि घरच्या फळीवरची त्यांची इतिहासाची पुस्तके हे माझे बालपण. मी इतिहासात एम. ए. केले आणि शिक्षक झालो. लोक विचारतात तेव्हा मी 'इतिहासाची आवड होती' असे सांगतो. ते खोटे नाही. पण त्या फळीवर गणिताची पुस्तके असती, तर माझी आवड कोणती ठरली असती, याचा विचार मी पन्नाशी ओलांडल्यावर करू लागलो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला असे दिसते की, आपल्या समाजात कोण काय होणार हे कोणते दार उघडे होते यावरून पिढ्यानपिढ्या ठरत आले. इंग्रजी सैन्यात महारांची भरती होत होती, तोवर लष्करी छावण्यांमध्ये आपली मुले शाळेत जात होती. सुभेदार रामजी आंबेडकर स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही भरती बंद झाली आणि एका फटक्यात एक वाट बुजली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत ज्या मुलांचा जन्म झाला, त्यांच्या 'आवडी'त सैन्य कसे असणार? मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे आपल्या माणसांना काम मिळे, परंतु अधिक मजुरीच्या विणाई खात्यात प्रवेश नसे. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची सबब पुढे केली जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. गिरणीत राबणाऱ्या त्या माणसांना विणकामाची आवड नव्हती, असे कोणी म्हणेल काय?

खुद्द बाबासाहेबांचे शालेय जीवन पाहा. त्यांना संस्कृत शिकायचे होते. ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्यामागे तीन आधार उभे होते. पहिला, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा बाप. दुसरा, बागेत वाचत बसलेल्या या मुलाला हेरणारे, त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट देणारे आणि पुढे त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन जाणारे केळुसकर गुरुजी. तिसरा, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती, जिच्या बळावर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. आपण त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी आणि अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाविषयी मुलांना नेहमी सांगतो, ते सांगायलाच हवे. परंतु घर, गुरुजी आणि संस्था हे तीन आधार एका ओळीत आले म्हणून ती बुद्धी वाया गेली नाही, हे सांगायचे विसरतो. मग मुलाला वाटते, आपण पुढे गेलो नाही तर कमी पडलो ते आपणच. हा त्याच्यावर अन्याय आहे.

स्वातंत्र्यानंतर जे दार सर्वांत रुंद उघडले ते सरकारी नोकरीचे. तेही आपल्या बाबतीत सरळ उघडले नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तरीही तलाठी, शिक्षक, रेल्वे, टपाल, बँक, विमा महामंडळ या नोकऱ्यांनी आपली घरे उभी केली. आज या शाळेच्या वास्तूतील अनेक फरश्यांवर ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांतील बहुतेक याच नोकऱ्यांतून निवृत्त झाले. म्हणून 'आपल्या मुलांना सरकारी नोकरीशिवाय दुसरे काही सुचत नाही' असे कोणी हिणवून म्हणतो, तेव्हा मला ते मान्य होत नाही. कायद्याने जिथे आपली जागा राखली होती, तिथेच आपण गेलो. १९१७ साली जगातील नामांकित विद्यापीठातून परतलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, ही हकीकत ज्या घरांत सांगितली जाते, त्या घरांतील मुलगा 'तिथे माझे आडनाव विचारतील का' हा हिशोब मनात ठेवूनच नोकरी निवडतो. नववीची मुलेही हा हिशोब करतात. ते तो चिठ्ठीवर लिहीत नाहीत, इतकेच.

मात्र ते दार आता तेवढे रुंद राहिलेले नाही. कायम पदे घटली, कंत्राटी नेमणुका वाढल्या, जाहिराती वर्षानुवर्षे लांबू लागल्या. दार अरुंद झाले तरी आपण मुलांना त्याच रांगेत उभे करीत राहिलो. माझी चूक नेमकी इथे घडली.

साधारण अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी गणितात फार हुशार होती. आई-वडील दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जात. ते चैत्रापर्यंत परत येत नसत. ती आणि तिचा धाकटा भाऊ वसतिगृहात राहत. भूमितीचे प्रमेय ती फळ्यावर दोन निरनिराळ्या पद्धतींनी सिद्ध करून दाखवी. दहावीला तिला गणितात शंभराला टेकलेले गुण मिळाले. निकालाच्या दिवशी तिचे वडील मला म्हणाले, "सर, आम्हाला यातलं काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं." मी क्षणभरही विचार न करता सांगितले, "कला शाखेतून बारावी करा आणि डी. एड.ला घाला. दोन वर्षांत मास्तरीण होईल, जवळपासच नोकरी लागेल." वडिलांनी हात जोडले. मीही समाधानाने घरी गेलो.

तिने सांगितल्याप्रमाणे सर्व केले. बारावी झाली, डी. एड. झाले. त्या काळात डी. एड. महाविद्यालये पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली होती आणि ती दरवर्षी हजारो मुलामुलींना पदविका देत होती. तिची पदविका हातात पडते न पडते तोच शिक्षकभरती रखडली आणि ती वर्षानुवर्षे रखडतच राहिली. २०१३ साली शिक्षक पात्रता परीक्षा आली. पात्र ठरूनही जागा नव्हती. मधल्या काळात तिचे लग्न झाले. आज ती तालुक्याच्या गावी एका खासगी इंग्रजी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवते आणि सायंकाळी गणिताची शिकवणी घेते. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थी मेळाव्यात भेटली. मी विषय काढला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, आपल्या गावापासून तासाभरावर सरकारी तंत्रनिकेतन होतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मुलींना तीस टक्के जागा, वसतिगृहही. मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?"

मला माहीत होते. त्याच वर्षी मी एका मुलाचा अर्ज तिथे भरून दिला होता. त्याचे गुण तिच्यापेक्षा कमी होते. ती मुलगी मात्र मला त्या इमारतीत, यंत्रशाळेत, हातात नकाशाची गुंडाळी घेतलेली अशी दिसलीच नाही. ऊसतोड मजुराच्या मुलीने मास्तरीण होणे हीच मला मोठी झेप वाटली. म्हणजे मुलांचे डोळे जसे पाहिलेल्यापुरते असतात, तसे गुरुजींचेही असतात. आणि गुरुजींची नजर तोकडी असली की तिची किंमत दुसऱ्याच्या आयुष्यातून वसूल होते. तिने मला दोष दिला नाही. त्यामुळेच ते मला अधिक लागले. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश मी वर्गात अनेकदा शिकवला होता : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. पण गुरूचा सल्ला पारखायला मुलांच्या हाती काही द्यावे लागते. ते मी दिले नव्हते.

आता दुसरी गोष्ट, जी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. वसतिगृहाच्या बोअरची मोटार वारंवार बंद पडत असे. तालुक्याहून माणूस येईपर्यंत मुलांना विहिरीवरून पाणी वाहावे लागे. नववीतील एक मुलगा नुसत्या आवाजावरून सांगायचा की, कपॅसिटर गेला आहे की एक फेज येत नाही. पुढे पुढे आम्ही माणूस बोलावणेच बंद केले. त्या मुलाची चिठ्ठी माझ्या पेटीत आहे. तीवर 'कलेक्टर' असे लिहिले आहे. कारण म्हणून 'सगळे मान देतात' असे. त्याने पदवी घेतली, पुण्याला गेला, अभ्यासिकेत सहा वर्षे काढली. दोनदा पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाला. त्यापुढे गेला नाही. वडिलांनी दोन एकरांतील एक एकर विकले. अखेर वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने आयटीआयला विजतंत्रीचा अभ्यासक्रम केला. आज तो परवानाधारक ठेकेदार आहे आणि चार जणांना काम देतो. परवा म्हणाला, "सर, हे मी सोळाव्या वर्षी केलं असतं तर?"

सोळाव्या वर्षी ते त्याने का केले नाही? कारण आम्ही शिक्षक मंडळीच वर्गात म्हणत होतो, 'अभ्यास कर, नाही तर आयटीआयला जावे लागेल.' आयटीआय ही शिक्षा होती. यामागे केवळ अडाणीपणा नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. ज्या समाजावर हाताची कामे जन्माने लादली गेली, त्या समाजाला हातात पाना घेतलेला मुलगा पाहून जुनी जखम आठवते. गावकीच्या कामांतून बाहेर पडायला दोन पिढ्या गेल्या. आता पुन्हा आपल्याच मुलाने घामाचे काम करायचे का, हा बापाचा प्रश्न खोटा नाही. शिवाय 'तुम्ही आपले छोटे काहीतरी करा' असा सल्ला गरिबांच्या मुलांना नेहमीच आणि फार गोड शब्दांत दिला जातो. हा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुले मात्र कुठे जातात, हे आपण पाहतोच.

म्हणून लादलेले काम आणि शिकून आत्मसात केलेले कौशल्य यांतील फरक आपण मुलांना समजावून द्यायला हवा. बाबासाहेबांनी तो फार पूर्वी ओळखला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारला जे सविस्तर निवेदन सादर केले, त्यात त्यांचे म्हणणे असे होते की, केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानातील उच्च शिक्षणाची गरज आहे आणि ते ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारने शिष्यवृत्त्या दिल्या पाहिजेत. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत उमेदवारीच्या जागांची मागणीही होती. स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला माणूस हे म्हणत होता. आपण मात्र त्यांच्या कोटाकडे आणि टायकडे पाहिले. या मागणीकडे तेवढे पाहिले नाही.

मोटार दुरुस्त करणाऱ्या मुलाने आयटीआयलाच जावे, असे माझे म्हणणे नाही. त्याच कौशल्याची एक वाट तंत्रनिकेतनातून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाते, दुसरी विद्युत मंडळाच्या नोकरीकडे, तिसरी स्वतःच्या व्यवसायाकडे. या वाटा त्याच्यासमोर मांडल्या गेल्या असत्या आणि मग त्याने स्पर्धा परीक्षा निवडली असती, तर ती खरोखर त्याची निवड ठरली असती.

निवडीवर परिणाम करणाऱ्या आणखी काही गोष्टी दिसायला क्षुल्लक असतात. पहिली म्हणजे कागद. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध', चुलत्यांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातील नक्कल. ही धावपळ बारावीच्या निकालानंतर सुरू झाली की प्रवेशाची मुदत निघून जाते. पात्र असूनही केवळ कागद वेळेवर न मिळाल्यामुळे बी. ए.ला बसलेली मुले मी पाहिली आहेत. पुढे त्यांना विचारले, तर तीही 'आवड होती म्हणून' असेच सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एसटी. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारनंतर असतात आणि गावाकडे जाणारी शेवटची गाडी लवकर सुटते. अनेक मुलींची शाखा त्या वेळापत्रकाने ठरते. मुलांना हा प्रश्न पडत नाही. तो कुठेतरी खोली करून राहतो. मुलीच्या बाबतीत अंतर, वसतिगृह आणि 'लोक काय म्हणतील' यांचा हिशोब आधी होतो आणि गुणपत्रिका नंतर उघडली जाते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून शासनाची स्वाधार योजना आहे; परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. यांची नावे आपल्या किती पालकांना माहीत आहेत? शहरातील सुस्थित घरातील मुलाला अशा गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्या मुलापर्यंत त्या शाळेने पोहोचवल्या नाहीत, तर दुसरे कोण पोहोचवणार?

तिसरी गोष्ट म्हणजे हातातला मोबाइल. त्यात यशस्वी झालेल्यांची भाषणे अखंड चालू असतात. एका जागेसाठी किती हजार जण बसले आणि उरलेल्यांचे काय झाले, हे त्यात कोणी सांगत नाही. मुलाला वाट दाखवण्याऐवजी केवळ शिखर दाखवले जाते.

या सर्वांवर उपाय काय? मोठ्या योजना आखण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या शाळेपुरत्या तीन गोष्टी मी नम्रपणे सुचवतो.

एक, आठवीत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलामुलीची कागदपत्रांची फाइल शाळेनेच उघडावी आणि दहावीपूर्वी पुरावे गोळा करून ठेवावेत. पालकांनी दिवाळीच्या सुटीत आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधण्यास मदत करावी. हे काम रूक्ष आहे, पण एखाद्या मुलाचे आख्खे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

दोन, दहावीच्या पालकसभेत कोणत्याही शिक्षकाने 'मुलाला अमुक ठिकाणी घाला' असे एकच उत्तर देऊ नये. मी तर नाहीच देणार. प्रत्येक मुलापुढे किमान तीन वाटा ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे किती वर्षे, किती खर्च, कोणती शिष्यवृत्ती आणि मध्येच वाट बदलायची झाल्यास काय करता येईल, हे लिहावे. मुलगी असेल तर तिच्यासमोर त्याच वाटा ठेवाव्यात ज्या तेवढ्याच गुणांच्या मुलासमोर ठेवल्या असत्या. स्पर्धा परीक्षेला जाणाऱ्याने किती वर्षे द्यायची, हे घरात आधीच ठरवावे.

तीन, आणि ही विनंती माजी विद्यार्थ्यांना आहे. आपण १४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शाळेत येता, देणगी देता, मुलांना पुस्तके वाटता. आम्ही हारतुरे देतो, आपण भाषण करता आणि मुले टाळ्या वाजवतात. यापुढे वर्षातील एक साधा दिवस द्या. व्यासपीठावर बसू नका, वर्गात बसा. आपण सकाळी कामावर गेल्यावर संध्याकाळपर्यंत नेमके काय करता, ते सांगा. पहिल्या महिन्याचा पगार किती होता, कुठे अडखळलात, कुठे अपमान झाला आणि तो कसा पचवलात, हे सांगा. ज्यांना वाटते की आपण फार मोठे झालो नाही, त्यांनी तर आवर्जून यावे. औषधांच्या दुकानात काम करणारी, माती परीक्षण केंद्रात असलेली, ट्रकचा व्यवसाय करणारा, न्यायालयात लघुलेखक असलेला, परदेशात जहाजावर असलेला, अशी आपली माणसे आहेत. मुलांनी त्यांना पाहिलेलेच नाही. शक्य असेल तर दोन-दोन मुलांना एक दिवस आपल्या कामाच्या ठिकाणी न्या. यापेक्षा मोठी देणगी मला सुचत नाही.

एक गोष्ट शेवटी. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. उपजीविका कशाची, तिच्यामुळे कोणाचे अहित तर होत नाही ना, हा प्रश्न तथागतांनी गृहस्थाच्या घरात आणून ठेवला. मुलाला 'तू किती कमावशील' असे विचारताना 'तुझ्या कामाने कोणाचे काय भले होईल' हेही विचारावे. लाच घेणारा साहेब होण्यापेक्षा चोख काम करणारा वायरमन होणे मानाचे आहे, असे आपण म्हणतो. पण मेळाव्यात हार कोणाच्या गळ्यात घालतो, ते मुले पाहत असतात. तिथूनही त्यांची निवड ठरते.

यंदाच्या जूनमध्ये चिठ्ठ्या गोळा करताना एका मुलीने कोरे पान दिले. मी विचारले, "बाळ, काहीच सुचलं नाही का?" ती म्हणाली, "सर, अजून काही बघितलंच नाही. आधी बघते, मग लिहिते." मी ते कोरे पान तसेच पेटीत ठेवले आहे. ती आता नववीत आहे. दहावीच्या निकालाला अजून पुरते दोन उन्हाळेही नाहीत. तेवढ्या अवधीत तिला काय काय दाखवता येईल, एवढेच मला या स्मरणिकेच्या वाचकांना विचारायचे आहे.